चौकातला सैतान आणि क्लासमधले मास्तर

ब्लूज या संगीताबद्दल काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या परिच्छेदात सैतान हजर होतोच.

गोष्ट अशी सांगतात. रॉबर्ट जॉन्सन नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण होता. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातला. गिटार इतकी वाईट वाजवायचा की जुने वादक वैतागायचे. मग तो काही काळ गायब झाला. परत आला तो असा वाजवत आला, की ऐकणाऱ्यांची बोलतीच बंद. लोक म्हणाले, हा मध्यरात्री चौकात गेला, तिथं सैतान भेटला, त्याला आत्मा विकला आणि बदल्यात ही बोटं घेऊन आला.

भारी आहे ना? विकलीही जाते जोरात. मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेल गावात हायवे ६१ आणि हायवे ४९ जिथं भेटतात, त्या चौकात मोठ्या निळ्या गिटारी उभ्या केल्यात. जगभरातून आलेले पर्यटक तिथं फोटो काढतात.

आता जॉन्सनने १९३६ साली रेकॉर्ड केलेलं ‘क्रॉस रोड ब्लूज’ हे गाणं ऐका. त्यात सैतान औषधालाही नाही. रस्त्यात एकटा अडकलेला, कुणी गाडी थांबवत नाही म्हणून हवालदिल झालेला, देवाकडे दया मागणारा एक माणूस आहे. आणि तो ‘गायब’ असताना काय करत होता, तेही पुढे अभ्यासकांनी शोधून काढलं. आइक झिमरमन नावाच्या एका गिटारवादकाकडे तो शिकत होता. रात्री दोघं गिटारी घेऊन कब्रस्तानात बसायचे. का? तर तिथं कितीही वाजवलं तरी कुणाची झोपमोड होत नाही!

एक मास्तर, भरपूर रियाज आणि वाजवायला जागा. पण ही गोष्ट पोस्टरवर चांगली दिसत नाही. म्हणून सैतान.

हे सगळं आज काढायचं कारण म्हणजे त्याच क्लार्क्सडेलचा एक पोरगा. क्रिस्टोन इंग्रम. दुनिया त्याला ‘किंगफिश’ म्हणते. (किंगफिशर नव्हे, हसू नका.) जन्म १९ जानेवारी १९९९. म्हणजे तुमच्यातल्या अनेकांच्या मोठ्या दादाच्या वयाचा. विसाव्या वर्षी पहिला अल्बम, तेविसाव्या वर्षी ग्रॅमी, आणि आता स्वतःची रेकॉर्ड कंपनी. त्याच्याबद्दलही लोक तेच बोलतात. ‘जन्मजात आहे’, ‘देवाची देणगी आहे’, ‘एक व्हिडिओ व्हायरल झाला आणि नशीब उघडलं’. सैतानाच्या जागी अल्गोरिदम आला, बाकी गोष्ट तीच.

त्याची खरी गोष्ट जास्त कामाची आहे. ती नीट बघायची तर आधी गाव बघावं लागेल.

क्लार्क्सडेल म्हणजे जेमतेम पंधरा हजार वस्तीचं गाव. बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय. चारही बाजूंना सपाट, काळी, कापसाची जमीन. गुलामगिरी कागदावर संपली, तरी तिथली माणसं दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबत राहिली, आणि वर्षाच्या शेवटी हिशेबात बहुतेक वेळा मालकाचंच देणं निघायचं. ब्लूज तिथून आला. शेतातल्या हाका, चर्चमधली गाणी आणि शनिवारी रात्रीचा नाच यांच्या मिश्रणातून. गावाबाहेरच्या स्टोव्हॉल मळ्यावर मॅककिन्ली मॉर्गनफिल्ड नावाचा एक तरुण ट्रॅक्टर चालवायचा. १९४१ साली अ‍ॅलन लोमॅक्स हे संशोधक रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन त्याच्या झोपडीत आले. आपलाच आवाज यंत्रातून ऐकल्यावर त्याला कळलं की आपल्याला हे जमतंय. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला आणि मडी वॉटर्स म्हणून जगाला माहीत झाला. पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर कापसाचं अख्खं पीक यंत्राने वेचून दाखवण्यात आलं. हातांची गरज संपली. माणसं रेल्वेत बसून उत्तरेकडे निघून गेली. सोबत गाणंही गेलं.

मागे उरलं ते रिकामं होत चाललेलं गाव. अशा गावातल्या पोरांना आपल्या आजोबांचं संगीत ऐकायचं काय पडलंय? २०१० च्या आसपास किंगफिशच्या वर्गातली मुलं रॅप ऐकत होती. साहजिक आहे. ब्लूज ऐकायला येणारे पर्यटक बहुतेक गोरे, बहुतेक वयस्क. आपल्या गल्लीतलं संगीत, आणि ऐकणारे मात्र परदेशी पाहुणे. हे चित्र तुम्हालाही कुठंतरी ओळखीचं वाटेल.

आणि इथं त्या गावाने एक शहाणपणाची गोष्ट केली.

क्लार्क्सडेलमध्ये १९७९ साली ‘डेल्टा ब्लूज म्युझियम’ सुरू झालं. आज ते रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत आहे. मडी वॉटर्सची ती झोपडी तिथंच आत ठेवलीय. एवढ्यावर थांबले असते तर ते आणखी एक म्युझियम झालं असतं: काचेआड गिटार, खाली पाटी, ‘हात लावू नये’. पण तिथं शाळा सुटल्यावर गावातल्या पोरांसाठी संगीताचा क्लास चालतो. शिकवायला गावातलेच, स्वतः वाजवून पोट भरणारे कलाकार. एका खोलीत इतिहास काचेआड आणि दुसऱ्या खोलीत तोच इतिहास बारा वर्षांच्या मुलांच्या हातात, बेसूर, कर्कश, पण जिवंत.

छोटा क्रिस्टोन त्या क्लासला गेला. घरात गाणं होतं, पण चर्चचं. वडिलांनी त्याला मडी वॉटर्सवरची डॉक्युमेंटरी दाखवली होती, तिथून किडा चावला. आधी ड्रम्स, मग बास, आणि शेवटी गिटार. हा क्रम लक्षात ठेवा. सोलो मारून टाळ्या घ्यायच्या आधी हा पोरगा ताल धरायला आणि दुसऱ्याच्या मागे उभं राहायला शिकला. बिल ‘हाऊल-एन-मॅड’ पेरी आणि रिचर्ड ‘डॅडी रिच’ क्रिसमन हे त्याचे मास्तर. ‘किंगफिश’ हे नाव पेरी मास्तरांनीच ठेवलं, एका जुन्या टीव्ही मालिकेतल्या पात्रावरून. मग गावातल्या ‘रेड्स लाउंज’सारख्या अंधाऱ्या, बुटक्या छपराच्या क्लबांत हा शाळकरी पोरगा मोठ्या माणसांसमोर वाजवू लागला. असले क्लब म्हणजे फार कडक परीक्षा असते. तिथं लोक लाइक देत नाहीत. आवडलं तर नाचतात, नाहीतर पाठ फिरवून बोलत बसतात.

२०१४ मध्ये म्युझियमच्या या क्लासला राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला आणि पोरांचा बँड व्हाइट हाऊसमध्ये मिशेल ओबामांसमोर वाजवून आला. किंगफिश तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याचे व्हिडिओ फिरले, बूट्सी कॉलिन्ससारख्या दिग्गजाने ते पुढे पाठवले, हे सगळं खरं. पण व्हिडिओ फिरायच्या आधीची वर्षं बघा की! व्हायरल झालं ते वाजवणं त्या मालधक्क्यातल्या खोलीत तयार झालं होतं.

आता थोडं संगीताबद्दल, कारण ‘ब्लूज म्हणजे दुःखी गाणी’ एवढंच सांगून सोडून देणारे लेख आम्हालाही बोअर होतात.

ब्लूजचा सांगाडा अगदी साधा. बारा बार, म्हणजे बारा आवर्तनं समजा, प्रत्येकी चार ठोक्यांची. पहिली चार ‘सा’च्या कॉर्डवर. मग दोन ‘म’वर, दोन परत ‘सा’वर. मग एक ‘प’, एक ‘म’, आणि शेवटची दोन पुन्हा घरी. ओळी तीन. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरीत उत्तर द्यायचं. शिवाय प्रत्येक ओळीत गळा अर्धी जागा घेतो आणि उरलेल्या अर्ध्या जागेत गिटार त्याला जवाब देते. सवाल-जवाबच तो.

आणि सूर? गिटार शिकायला बसलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात जी ‘मायनर पेंटॅटॉनिक’ घोकतो, ते पाच सूर म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि. आपल्याकडे राग धानीत हेच पाच सूर लागतात. म्हणजे तुमच्या कानाला ब्लूज वाटतो तेवढा परका नाही. फरक पुढे आहे. ब्लूजवाला कोमल गंधारावर थांबत नाही. तार ओढून तो कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कुठंतरी लटकतो, जिथं पियानोला पट्टीच नाही. सतारवाले तार खेचून मींड काढतात, तसंच काहीसं. ते ‘मध्ये कुठंतरी’ म्हणजेच ब्लूज. ते पुस्तकातून येत नाही. समोर बसलेल्या माणसाच्या बोटांकडे बघून येतं. म्हणून तर मास्तर लागतो.

किंगफिशचा पहिला अल्बम ‘किंगफिश’ मे २०१९ मध्ये आला. कंपनी शिकागोची ‘अ‍ॅलिगेटर रेकॉर्ड्स’. या कंपनीचीही एक गोष्ट आहे. ब्रूस इग्लॉअर नावाचा पंचविशीच्या आतला एक तरुण एका रेकॉर्ड कंपनीत माल पाठवायच्या खात्यात कारकून होता. हाउंड डॉग टेलर या कलाकाराचा अल्बम काढा म्हणून मालकाच्या मागे लागला. मालक तयार होईना. तेव्हा १९७१ मध्ये याने स्वतःच कंपनी काढली, त्या एका अल्बमसाठी. पन्नास वर्षं होत आली तरी ती टिकून होती, आणि म्हणून क्लार्क्सडेलच्या विशीतल्या पोराला तिथं जागा मिळाली.

निर्माता टॉम हॅम्ब्रिज. एका गाण्यात साक्षात बडी गाय, दुसऱ्यात केब मो. ‘आउटसाइड ऑफ धिस टाउन’ ऐकलंत तर तुम्हाला लगेच कळेल, छोट्या गावातून बाहेर पडायची तगमग काय असते. त्यासाठी मिसिसिपीचं असायची गरज नाही. ‘बीन हिअर बिफोर’मध्ये उलट, जवळपास एकटी अ‍ॅकूस्टिक गिटार आणि ‘या पोराच्या अंगात जुना जीव आहे’ असं म्हणणारी म्हातारी माणसं. आमचं मत विचाराल तर या अल्बममध्ये सोलो अंमळ लांबतात. विसाव्या वर्षी माणसाला जेवढं येतं तेवढं सगळं दाखवायचं असतं. पण आवाज ऐका. चाळिशीचा वाटतो. पुढच्या वर्षी ब्लूज म्युझिक अवॉर्ड्समध्ये याच अल्बमच्या जोरावर पोराने पाच पुरस्कार नेले.

त्या यशाच्या मधोमध, डिसेंबर २०१९ मध्ये, त्याची आई गेली. प्रिन्सेस प्राइड इंग्रम. कंट्री संगीतातले नामवंत गायक चार्ली प्राइड यांच्या घराण्यातली. लेकाला कार्यक्रमांना नेणारी, त्याच्यामागे उभी राहणारी बाई. मग आली महामारी. ज्या माणसाचं पोट रस्त्यावरच्या दौऱ्यांवर अवलंबून, तो घरी बसला. आणि लिहायला लागला.

त्यातून जुलै २०२१ मध्ये आलेला अल्बम म्हणजे ‘६६२’. हा आकडा म्हणजे उत्तर मिसिसिपीचा टेलिफोन कोड! आपल्याकडे कुणी अल्बमला गावाचा एसटीडी कोड नाव म्हणून देईल का, सांगा. पहिल्या अल्बममध्ये ‘गावाबाहेर पडायचंय’ म्हणणारा पोरगा जग बघून आल्यावर दुसऱ्या अल्बमवर गावाचा नंबर लिहितो. ‘समथिंग इन द डर्ट’ हे गावच्या मातीवरचं गाणं. ‘अनदर लाइफ गोज बाय’मध्ये द्वेषाने आणि हिंसेने जाणाऱ्या जिवांचा हिशेब आहे, आणि तिथं तो गिटारला मुद्दाम आवरतो. ‘रॉक अँड रोल’ आईसाठी. त्यात आक्रोश नाही. साधं, हळू गाणं आहे, आणि म्हणूनच जास्त लागतं. हॅम्ब्रिजची निर्मिती काही ठिकाणी जरा जास्तच स्वच्छ, इस्त्री केलेली वाटते. पण गाणी पक्की आहेत. इथं पोरगा गिटारवादकाचा गाणारा झाला.

या अल्बमला एप्रिल २०२२ मध्ये ‘समकालीन ब्लूज’चा ग्रॅमी मिळाला. गंमत बघा, पहिल्या अल्बमला नामांकन होतं ते ‘पारंपरिक ब्लूज’ गटात. निर्माता तोच, गाणारा तोच, मधे दोन वर्षं. पारंपरिक माणूस समकालीन कधी झाला? तर असल्या पेट्या पुरस्कार देणाऱ्यांना लागतात, वाजवणाऱ्याला नाही.

२०२३ मध्ये ‘लाइव्ह इन लंडन’ आला, कुठलीही आगाऊ जाहिरात न करता. लंडनच्या ‘द गॅरेज’ या छोट्या जागेतलं रेकॉर्डिंग. नव्याने ऐकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. पहिल्या अल्बममध्ये जे सोलो लांब वाटत होते, ते इथं लांब वाटत नाहीत, कारण समोर माणसं आहेत आणि तो त्यांच्याशी बोलतोय. रेड्स लाउंजमधली परीक्षा इथं कामी येते. आणि २०२५ मध्ये ‘हार्ड रोड’, हा मात्र स्वतःच्या ‘रेड झिरो रेकॉर्ड्स’ या कंपनीतून. ब्लूजच्या इतिहासात कलाकारांच्या गाण्यांवर दुसऱ्यांनी पैसा केल्याच्या कहाण्या पोत्याने सापडतात. कापूस आपण वेचायचा आणि हिशेब मालकाने ठेवायचा, तसंच. त्या मातीतला सव्वीस वर्षांचा मुलगा स्वतःच्या रेकॉर्डिंगचा मालक होतो, ही बातमी आम्हाला ग्रॅमीपेक्षा मोठी वाटते.

एक गोष्ट मात्र खटकते. पहिल्या दिवसापासून त्याच्या गळ्यात ‘ब्लूजचा तारणहार’, ‘पुढचा बी. बी. किंग’ अशा पाट्या अडकवल्या जातायत. एखाद्या पोराला असं म्हणणं हे कौतुक वाटतं, पण ती सोयीस्कर पळवाट आहे. एक तारणहार सापडला की बाकीच्यांची सुटका. क्लासला पैसे द्यायला नकोत, छोटे क्लब जगवायला नकोत, तिकीट काढून जायला नको. संगीत जगवायची जबाबदारी एकट्याच्या खांद्यावर टाकली की झालं.

या सुटकेचं एक उदाहरण तर अगदी ताजं आहे. २०२५ मध्ये रायन कूगलरचा ‘सिनर्स’ तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मल्टिप्लेक्सला पाहिला असेल. १९३२ चं क्लार्क्सडेल, ब्लूज वाजवणारा तरुण सॅमी, त्याच्या गाण्याच्या मागे लागलेले व्हॅम्पायर, आणि शेवटी म्हातारा सॅमी म्हणून दिसणारा बडी गाय. जगभर तुफान चालला. पण खुद्द क्लार्क्सडेलमध्ये तो लागला नाही, कारण गावात थिएटरच नाही! शेवटी गावकऱ्यांनी जाहीर विनंती केली, तेव्हा मे महिन्यात कूगलर स्वतः आले आणि गावच्या सभागृहात खास खेळ झाले. गावाची गोष्ट जगाला विकली जाते आणि गाव ती बघायला ताटकळतं. किंगफिशच्या अल्बमवर ‘६६२’ का लिहिलंय, ते यावरून नीट कळतं.

आपल्याकडे ब्लूज ऐकायला जागा नाही असंही नाही. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल होत आलाय, आणि बडी गाय तिथं एकदा नव्हे, अनेकदा वाजवून गेलाय. १९३६ चा जन्म त्याचा. ऐंशीच्या घरात असतानाही गिटार घेऊन सरळ गर्दीत उतरणारा माणूस. पण मुंबईच्या तिकिटाइतके पैसे खिशात नसलेल्या, जळगाव-लातूर-चिपळूणच्या पोराने काय करायचं? जो गॅदरिंगच्या आधी पंधरा दिवस रूमवर प्रॅक्टिस करतो, घरमालकाच्या शिव्या खातो, आणि मग कॅम्पसचा रिकामा वर्ग मागायला गेला की ‘अर्ज करा’ ऐकून परत येतो? जॉन्सनला निदान कब्रस्तान तरी मिळालं होतं.

वर्ग रिकामे असतात. संध्याकाळी पाचनंतर तर सगळेच. गावात जुना बॅंडवाला असतो, भजनी मंडळात पन्नास वर्षं पखवाज वाजवणारे आजोबा असतात, ऑर्केस्ट्रा बंद पडल्यावर इलेक्ट्रिकचं दुकान टाकलेला गिटारवाला असतो. क्लार्क्सडेलने तरी दुसरं काय केलं? एक जुना मालधक्का आणि अशीच चार माणसं. यंदा कल्चरलच्या मीटिंगमध्ये डीजेचं बजेट ठरायच्या आधी हा विषय निघायला हरकत नाही. खोलीची किल्ली कुणाकडे असते ते शिपाई काकांना माहीत असतंच.

तोवर हेडफोन लावा. आधी ‘लाइव्ह इन लंडन’. मग ‘६६२’ सलग, अधेमधे न उडवता. आणि त्यानंतर मडी वॉटर्सचं १९४१ चं स्टोव्हॉल मळ्यावरचं रेकॉर्डिंग शोधा, ज्यात खरखर आहे, एक गिटार आहे आणि आपण कोण होणार हे अजून माहीत नसलेला एक ट्रॅक्टर ड्रायव्हर आहे. तो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता.